ढाळज गेली की

चाकूरचं आमचं माळवदाचं घर पाडायचं का, यावर घरी वाद चालू आहे. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट बाबा विसरलेले नाहीत. किल्लारी परिसरात दगड-मातीच्या जाड भिंतींखालीच हजारो माणसं गेली. आजी म्हणते, "ढाळज गेली की आपल्याला कोण ओळखंल?"

आजीचा प्रश्न फार जुना आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठचं इनामगाव हे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं. कोठाराशेजारी पाच खोल्यांचं एक घर सापडलं. ते गावप्रमुखाचं मानतात. पुढे ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. मेलेल्या लेकरांना मडक्यांत ठेवून घरातच पुरायची रीत मात्र टिकली.

किल्लारीनंतर वसवलेल्या गावांतही कुणाची जमीन किती, यावरून घर ठरलं: २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. घरावरून माणूस ओळखायची सवय काही मोडली नाही.

मी बाबांच्या बाजूनं आहे; आजी त्याच माळवदाखाली झोपते. पण नव्या नकाशात पहिली खोली मी ढाळजेचीच काढलीय, गल्लीकडे तोंड करून.