लेकुरवाळी ऊ

१८४५ साली इंग्लंडने काचेवरचा कर उठवला आणि पाण्यातला जीव दिवाणखान्यात आणण्याची वाट मोकळी झाली. रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने एका भांड्यात गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून १८५० मध्ये दाखवून दिलं, की वनस्पती प्राणवायू देतात, गोगलगायी कुजकी पानं खातात आणि पाणी सारखं बदलावं लागत नाही. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडलं, आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं 'द अक्वेरियम' हे पुस्तक आलं. मग घरोघरी काचेच्या पेट्या.

या समतोलाच्या हिशेबात एक पाहुणा धरलेला नव्हता.

हॅम्बर्गच्या प्राणिसंग्रहालयातल्या मत्स्यालयाचे प्रमुख फ्रांझ हिल्गेनडॉर्फ यांनी पाउलिकी यांच्यासोबत १८६९ मध्ये गोड्या पाण्यातल्या माशांच्या कातडीवरच्या एकपेशीय परजीवींची नोंद केली. नाव मिळालं १८७६ मध्ये, फुके या फ्रेंच संशोधकाकडून: इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस. ग्रीकमध्ये इक्थिस म्हणजे मासा, फ्थेर म्हणजे ऊ. मल्टिफिलिस म्हणजे पुष्कळ लेकरांची. थोडक्यात, माशांवरची लेकुरवाळी ऊ. (ती कीटक नाही, पण नाव झकास आहे.) फिशटँक ठेवणारे तिला नुसतं 'इक' म्हणतात.

सगळी गोम त्या लेकरांत आहे. माशावर मिठाच्या कणासारखा दिसणारा ठिपका म्हणजे कातडीखाली बसून जेवणारा परजीवी. पोट भरलं की तो सुटतो, तळाशी जाऊन कवच करतो आणि आत विभागत राहतो. एकाची शेकडो पिल्लं होतात. ती पोहत मासा शोधतात. उबदार पाण्यात साधारण दोन दिवसांत सापडला नाही, तर मरतात. नदीत बहुतेकांचं हेच होतं. काचेच्या पेटीत मात्र मासा दोन वितींवर असतो. म्हणजे हा परजीवी आपण निर्माण केला नाही, पण त्याच्यासाठी इतकी सोयीची जागा आपणच बांधली.

गंमत अशी, की त्याच १८७६ साली हाइनरिक कारो यांनी जर्मनीत मिथिलीन ब्लू हा कापडाचा रंग तयार केला. पुढच्या वर्षी मॅलकाइट ग्रीन आलं. १८९१ मध्ये पाउल एर्लिक आणि गुटमन यांनी मिथिलीन ब्लू मलेरियाच्या रुग्णांना देऊन पाहिलं, म्हणजे रंगाने परजीवी मारता येतो हे तेव्हाच लक्षात आलं होतं. तरी मॅलकाइट ग्रीन माशांच्या बुरशीवर वापरायला १९३० चं दशक उजाडलं, आणि इकसाठी फॉर्मालिन व मॅलकाइट ग्रीनच्या मिश्रणावरचा लटू आणि मायर यांचा निबंध तर १९७२ चा. पुढे याच रंगाच्या विषारीपणामुळे युरोप-अमेरिकेत खाण्याच्या माशांसाठी तो नाकारला गेला. शोभेच्या माशांच्या औषधांत तो टिकून राहिला. हात लावताना हातमोजे घालावेत, एवढं मी सांगेन.

पण बाटलीपेक्षा वेळापत्रक महत्त्वाचं. कातडीखालच्या आणि कवचातल्या परजीवीपर्यंत औषध नीट पोचत नाही, मरतात ती पोहणारी पिल्लं. २५ अंशांच्या आसपास हे चक्र काही दिवसांत पुरं होतं, थंड पाण्यात कित्येक आठवडे घेतं. म्हणूनच पाणी थोडं गरम करतात, हवेचा पंप जोरात ठेवतात (गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो) आणि ठिपके गेल्यावरही डोस चालू ठेवतात. लोक नेमके ठिपके गेले की थांबतात. तेव्हा परजीवी तळाशी पिल्लं काढत असतो. फिल्टरमधला कोळसाही काढायला हवा, नाहीतर तो औषध शोषून घेतो आणि आपण महागडा कोळसा रंगवत बसतो.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणं, त्याची जाळीही वेगळी.

यातून वाचलेल्या माशाला काही काळ प्रतिकारशक्ती येते, पण थोडे परजीवी त्याच्या अंगावर राहू शकतात. त्यामुळे कधी कधी जुने मासे ठणठणीत दिसतात, कालच आणलेला ठिपक्यांनी भरतो, आणि शिव्या दुकानदाराला बसतात.