आजीच्या वहीतील खाडाखोड

घराण्याचा इतिहास शोधावयाचा म्हटले की माणसे सनदा आणि कुलवृत्तान्त चाळू लागतात. स्वयंपाकघरातील फडताळाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. माझी आजी 1950 साली रत्नागिरीहून दिल्लीस, पहाडगंजात संसार थाटावयास आली, तेव्हा तिच्या ट्रंकेत तांबड्या कापडी बांधणीची एक वही होती. आमच्या घराण्याचा मला ठाऊक असलेला सर्वांत विश्वसनीय कागद तोच.

पाककृती लिहून ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. रघुनाथ गणेश नवाथे यांनी सतराव्या शतकात संस्कृतात ‘भोजनकुतूहल’ रचले. मराठीत ‘सूपशास्त्र’ 1875 साली छापून निघाले आणि 1910 साली लक्ष्मीबाई धुरंधरांनी हजार पाकक्रियांचा ‘गृहिणीमित्र’ गृहिणींच्या हाती दिला. परंतु छापील पुस्तकात खाडाखोड नसते, आणि मला जे सांगावयाचे आहे ते त्या खाडाखोडीविषयीच.

वहीच्या आरंभीच्या पानांवर ‘चिपटेभर डाळ’ असे लिहिलेले आहे. कोकणात धान्य मापाने भरून द्यावयाचे. पहाडगंजातील वाणी ते तराजूत तोलून देई. तेव्हा चिपटे खोडले गेले आणि ‘तोलून पावशेर’ आले. पुढे 1956 चा वजनमापांचा कायदा झाला, 1958 पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली, आणि आजीने पावशेरावरही रेघ मारून ‘250 ग्रॅम’ लिहिले. ऐंशी तोळ्यांच्या शेराचा पाव हिस्सा वास्तविक 233 ग्रॅमच भरतो. पण त्यामुळे लाडू बिघडल्याचे कोणाच्या स्मरणात नाही.

खरी खोड आहे ती आमटीच्या पानावर. फाळणीनंतर पहाडगंजात पंजाबातून आलेली पुष्कळ कुटुंबे वसली होती. आमच्या भिंतीला भिंत लागून असेच एक बिऱ्हाड होते. एका पावसाळ्यात गावाकडची आमसुले संपली. आजीने त्या शब्दावर काट मारून बाजूस लिहिले : ‘शेजारणीच्या सांगण्यावरून अमचूर, अर्धा चमचा, उतरवताना घालणे.’ पुढे आमसुले पुन्हा आली, पण ती काट तशीच राहिली.

नूतन मराठी शाळेतून दुपारी घरी परतताना जिन्यात जो वास येई, तो गोडा मसाला, गूळ आणि अमचूर यांचा. आमटी म्हणजे तीच, अशी माझी समजूत. बाराव्या वर्षी प्रथम रत्नागिरीस गेलो आणि आमसुलाची आमटी चाखून सर्वांदेखत म्हणालो, ‘ही चुकली आहे.’ पंगत हसली. आजी मात्र हसली नाही. तिने मान खाली घालून भात कालवला.

माझ्या बहिणीच्या लग्नात, 2004 साली, आईने या वहीची सुवाच्य प्रत करून तिला दिली. आईचे माहेर रत्नागिरीचेच. अमचूर ही तिला नाइलाजाने केलेली तडजोड वाटे. तिच्या प्रतीत आमटीत पुन्हा आमसूल आले आणि शेजारीण नाहीशी झाली. सरकारी दप्तरात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला हे सलते. स्वच्छ प्रत सहीसाठी असते. काय घडले ते समासातील टिपणांवरूनच कळते. पण हे आईला कोणत्या तोंडाने सांगावे? ती प्रत तिने महिनाभर रात्री जागून काढली होती.

यंदा माझी मुलगी शिक्षणासाठी पुण्यास निघाली. तिने दोन्ही वह्या जेवणाच्या मेजावर शेजारी शेजारी उघडून ठेवल्या आणि जुन्या वहीतील काट मारलेल्या शब्दावर बोट ठेवून विचारले, ‘इथे खाली काय लिहिले आहे?’ मी चष्मा शोधू लागलो. तेवढ्यात आईच पुढे वाकली, तो शब्द तिने वाचून दाखविला, आणि मग त्याच्या बाजूची ओळही, शेजारणीसकट, शेवटपर्यंत वाचली.