उड्डाणतास आणि पहिला पगार : अमेरिकी वैमानिकांच्या वेतनाची शंभर वर्षे

१/ मे २००९. वॉशिंग्टनमध्ये एका विमान अपघाताची जाहीर सुनावणी चालू होती. मृत सहवैमानिकेचे वार्षिक वेतन जेमतेम १६ हजार डॉलर होते, हे तेथे उघड झाले आणि अमेरिका चकित झाली. वैमानिक म्हणजे गलेलठ्ठ पगार, हा समज मग आला कोठून? आणि नवख्या वैमानिकाच्या वाट्याला इतके कमी का आले? या धाग्यात त्याचा शोध घेऊ.

२/ प्रारंभ टपालापासून होतो. १५ मे १९१८ रोजी अमेरिकेत नियमित हवाई टपालसेवा सुरू झाली. उघड्या विमानातून, धुक्यातून आणि रात्रीच्या अंधारातून टपाल नेणे हे जीवावर बेतणारे काम होते. म्हणून टपाल खात्याने वैमानिकांना मूळ वेतन आणि त्यावर उडविलेल्या प्रत्येक मैलामागे भत्ता द्यावयास आरंभ केला. जोखमीचे मोल मैलांत मोजले जाऊ लागले.

३/ १९२५ च्या केली कायद्याने टपालवाहतूक खासगी कंपन्यांकडे सोपविण्याचा मार्ग खुला झाला. त्याच सुमारास विमानांचा वेग वाढू लागला. कंपन्यांना तासांवर पैसे देणे सोयीचे वाटू लागले, कारण वेगवान विमान तेच अंतर कमी तासांत कापते. वैमानिकांचे म्हणणे असे, की वेगामुळे होणाऱ्या नफ्यात आमचाही वाटा हवा.

४/ मंदीच्या काळात हा वाद चिघळला. १९३१ साली शिकागोमध्ये डेव्हिड बेन्की या वैमानिकाच्या पुढाकाराने एअर लाइन पायलट्स असोसिएशन ही संघटना उभी राहिली. नोकरी जाण्याच्या भयाने आरंभीच्या बैठका गुप्तपणे होत असत.

५/ पहिली कसोटी फेब्रुवारी १९३२ मध्ये लागली. मोटार उद्योगपती ई. एल. कॉर्ड यांनी आपल्या सेंच्युरी एअर लाइन्समधील वैमानिकांचे वेतन दरमहा ३५० डॉलरवरून १५० डॉलरवर आणण्याचे ठरविले. ज्यांना मान्य नसेल त्यांच्या जागी दुसरे घेऊ, हा त्यांचा पवित्रा होता. मंदीत बेकार वैमानिकांची वाण नव्हती.

६/ संघटनेने लढा वॉशिंग्टनमध्ये नेला. पुढे न्यूयॉर्कचे महापौर झालेले फिओरेलो ला गार्डिया तेव्हा काँग्रेसचे सदस्य होते. ते स्वतः पहिल्या महायुद्धात विमानातून लढले होते. त्यांनी वैमानिकांची बाजू उचलून धरली. कॉर्ड यांना हवे होते सरकारी टपालाचे कंत्राट, आणि लोकमत विरोधात गेल्यावर ते मिळणे दुरापास्त झाले. काही महिन्यांतच त्यांनी कंपनी विकली.

७/ मे १९३४ मध्ये राष्ट्रीय कामगार मंडळाचा 'निर्णय क्रमांक ८३' आला. महिन्याला उड्डाणाची कमाल मर्यादा ८५ तास ठरली. मूळ वेतन, तासांचा दर आणि मैलांचा भत्ता अशी तिहेरी रचना मान्य झाली. विमान जितके वेगवान, तितका तासाचा दर अधिक. वैमानिकाच्या संपन्नतेचा पाया येथे घातला गेला.

८/ मात्र याच चौकटीत आणखी एक तत्त्व रुजले : सेवाज्येष्ठता. कोणते विमान, कोणता मार्ग, केव्हा कप्तानपद, हे सारे कंपनीत रुजू झाल्याच्या तारखेवर अवलंबून. कंपनी बदलली, की पुन्हा यादीच्या तळाशी. त्यामुळे पहिली वर्षे म्हणजे उमेदवारी, हे सर्वांनीच गृहीत धरले. आज हाल सोसा, उद्या भरपाई होईल, असा तो अलिखित करार होता.

९/ १९७८ मध्ये विमानसेवेवरील सरकारी नियंत्रणे उठली आणि भाड्यांची स्पर्धा सुरू झाली. १९८३ साली अमेरिकन एअरलाइन्समध्ये दुहेरी वेतनश्रेणी आली : जुन्यांचा पगार अबाधित, नव्याने येणाऱ्यांना कमी. १९८५ मध्ये युनायटेडच्या वैमानिकांनी अशाच योजनेविरुद्ध २९ दिवसांचा संप केला. एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्यांचा पगार कापला जाणार होता, ते अद्याप नोकरीत आलेलेच नव्हते. वाटाघाटीच्या मेजावर त्यांना आसनच नव्हते.

१०/ पुढे मोठ्या कंपन्यांनी छोटे मार्ग प्रादेशिक कंपन्यांकडे सोपविले. विमानावर नाव मोठ्या कंपनीचे, पगार मात्र छोट्या कंपनीचा. शिवाय वेतन मुख्यतः विमान निघाल्यापासून पोहोचेपर्यंतच्या तासांचे. विमानतळावरील ताटकळणे त्यात धरले जात नसे.

११/ १२ फेब्रुवारी २००९ रोजी नेवार्कहून बफेलोकडे निघालेले कोलगन एअरचे विमान घरावर कोसळले. विमानातील ४९ आणि जमिनीवरील एक, असे ५० जण दगावले. विमानावर नाव कॉन्टिनेन्टल कनेक्शनचे होते. अपघाताआधी सहवैमानिका सिअ‍ॅटलहून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. कारण तुटपुंजा पगार आणि महागडे शहर.

१२/ मृतांच्या कुटुंबीयांच्या रेट्यामुळे २०१० मध्ये कायदा झाला. पूर्वी साधारण २५० तासांच्या व्यावसायिक परवान्यावर सहवैमानिक होता येई. २०१३ पासून ही अट १५०० तासांची झाली. लष्करी वैमानिकांना ७५० आणि विमानविद्येच्या पदवीधरांना १००० तासांची सवलत मिळाली.

१३/ येथे इतिहासाचा विपर्यास दिसतो. त्या विमानातील दोन्ही वैमानिकांचे तास १५०० हून अधिकच होते. तपास मंडळाने ठपका ठेवला तो विमानाने धोक्याचा इशारा दिल्यावर कप्तानाने केलेल्या चुकीच्या प्रतिक्रियेवर. थकवा आणि प्रशिक्षण यांचीही चर्चा झाली, आणि विश्रांतीचे नियम पुढे कडक झाले. परंतु सर्वांत गाजली ती तासांची अट.

१४/ तिचा खरा परिणाम पगारावर दिसला. प्रशिक्षक म्हणून शिकवत, जाहिरातींचे फलक ओढत किंवा पिकांवर फवारणी करत तास जमविण्यात अनेकांची वर्षे जाऊ लागली. पात्र उमेदवार घटले. करोनाकाळात अनेक ज्येष्ठ वैमानिक मुदतीआधी निवृत्त झाले. परिणामी जून २०२२ मध्ये एन्व्हॉय व पीडमाँट या प्रादेशिक कंपन्यांनी पहिल्या वर्षाच्या सहवैमानिकाचा दर, तात्पुरत्या वाढीसह, तासाला ९० डॉलरवर नेला.

१५/ भारतात व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तास लागतात, आणि युरोपातही १५०० तासांविना सहवैमानिक होता येते. म्हणजे ही संख्या निसर्गनियम नव्हे. ती एका देशाच्या एका शोकांतिकेतून जन्मली.

१६/ सार इतकेच : नवख्याचा पगार त्याच्या कौशल्याने क्वचितच ठरला. १९३२ मध्ये तो बेकारांच्या रांगेने ठरविला, १९८३ मध्ये त्याच्या अनुपस्थितीने आणि २०२२ मध्ये वैमानिकांच्या टंचाईने. कोणत्याही व्यवसायाचा इतिहास वाचताना शिखरावरच्या वेतनाआधी पहिल्या पायरीवरचे वेतन पाहावे. तो व्यवसाय आपल्या भविष्याला किती किंमत देतो, ते तेथे कळते.