विद्यार्थ्यांसाठी अधिकृत ऑनलाइन संगीत-चित्रपट सेवा

चोरीच्या प्रतींऐवजी रीतसर परवान्याचे संगीत आणि चित्रपट विद्यार्थ्यांना मिळावेत, म्हणून विद्यापीठाने किंवा महाविद्यालयाने केलेली सोय. तत्त्व ग्रंथालयाचेच : वर्गणी संस्थेची, लाभ विद्यार्थ्यांचा.

अमेरिका : बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील शॉन फॅनिंग या विद्यार्थ्याने १९९९ मध्ये नॅप्स्टर सुरू केले आणि वसतिगृहांतून गाण्यांच्या फुकट देवाणघेवाणीला ऊत आला. खटल्यांमुळे २००१ मध्ये ते बंद पडले. एप्रिल २००३ मध्ये ध्वनिमुद्रण उद्योगाने चार विद्यार्थ्यांवर दावे लावले. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने, तोवर अधिकृत झालेल्या नॅप्स्टरशी करार केला. जानेवारी २००४ पासून तिथले विद्यार्थी वेगळे पैसे न मोजता गाणी ऐकू लागले. मात्र गाणे कायमचे हवे असेल तर ९९ सेंट द्यावे लागत आणि सेवेतली गाणी आयपॉडवर वाजत नसत. महाविद्यालयांसाठीच निघालेली ‘रुकस’ ही सेवा २००९ मध्ये थांबली.

भारत : इथे हे तत्त्व पुस्तकांपुरते रुजले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘एन-लिस्ट’ योजना २०१० पासून महाविद्यालयांना ई-पुस्तके व नियतकालिके पुरवते. गाणी-चित्रपट तिच्यात नाहीत. संगीत अ‍ॅपची विद्यार्थी-सवलत ज्याची त्याने घ्यायची असते. तिच्यात महाविद्यालयाचा वाटा विद्यार्थी असल्याच्या पुराव्यापुरताच.

कायद्याची वाट : छोट्या गावांतल्या महाविद्यालयांना खर्चाविना बरेच करता येते. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्रपट व ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) त्यामुळे सर्वांसाठी खुला आहे. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ची (१९३६) चित्रपट म्हणून मुदत संपली असली, तरी गीते व पटकथेचे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वतंत्रपणे मोजले जातात.

हक्क शिल्लक असलेला चित्रपटही कलम ५२ च्या अपवादाखाली महाविद्यालयीन उपक्रमात दाखवता येतो. अट एकच, पण पक्की : प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, शिक्षक-कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी थेट संबंध असलेली माणसे. गावाला खुले निमंत्रण दिले, की ही सूट उरत नाही.