हैदराबादेतील व्हायोलिनची मैफल

व्हायोलिन हे मूळचे पाश्चात्त्य वाद्य. कर्नाटक संगीतात ते बाळुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५९) यांनी रुजविले. गोमंतकात ते पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या संगीतशाळांतून आले. तथापि दीर्घकाळ त्याचे स्थान गायकाच्या मागेच राहिले. १९३८ साली द्वारम वेंकटस्वामी नायडू यांनी वेल्लोर येथे स्वतंत्र वादन करून ही चौकट मोडली. हिंदुस्थानी पद्धतीत गजाननराव जोशी, वि. गो. जोग आणि पेडणे महालातील पार्से गावचे सुपुत्र श्रीधर पार्सेकर यांनी तेच कार्य केले. नायडू व पार्सेकर दोघेही १९६४ साली निवर्तले.

या दोन्ही परंपरांचा संगम म्हणजे हैदराबाद. विवेकवर्धिनीसारख्या संस्थांभोवती वाढलेला तेथील मराठी समाज १९६१ साली उघडलेल्या रवींद्र भारतीत तेलुगू व उर्दू भाषिकांच्या शेजारी बसून मैफली ऐकत आला. वादक मांडी घालून बसतो व वाद्याचे टोक उजव्या घोट्यावर टेकवितो. त्यामुळे डावा हात भारमुक्त होऊन मींड अखंड निघते. शब्दांवाचून गाणाऱ्या या वाद्यापुढे भाषाभेद उरत नाही. परक्या वाद्यास स्वदेशी कंठ लाभला, साथीदारास मानाचे आसन मिळाले. हेच त्या साधकांचे ऋण होय.