रंग उतरवताना

नटाच्या तोंडाला रंग कसा लागला, याचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ सांगितला जातो. खेळ संपल्यावर तो उतरला कसा, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. कलावंताच्या जिवाशी खरी गाठ होती ती या उतरवण्याची.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा विजेचे दिवे नव्हते. मशाली-दिवट्यांच्या उजेडात लांब बसलेल्याला डोळे-ओठ दिसायचे, तर रंग भडकच हवा. जुन्या काळी सोंगाचे रंग म्हणजे सफेदा, मुरदाडशिंग, हिंगूळ, शेंदूर. आज आपल्याला ठाऊक आहे, की मुरदाडशिंगात आणि शेंदरात शिसं असतं, हिंगुळात पारा असतो. जुना सफेदाही पुष्कळदा शिशाचाच. जस्ताचा मागाहून आला. असा रंग ओठांवरून पोटात गेला, भुकटी श्वासात गेली, म्हणजे हळूहळू बाधणारच. युरोपातल्या नटांचंही तेच होतं. १८७३ साली बर्लिनच्या लुडविग लाइश्नर या गायकानं शिसं नसलेले तेलकट रंग तयार केले, तेव्हा कुठं तिकडं थोडी सुटका झाली.

आमच्या उंब्रजहून पाल जवळ. पौषात तिथं खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, तारळीचा काठ भंडाऱ्यानं पिवळा होतो. जत्रा म्हटली की तमाशाच्या कनाती आल्याच. आम्ही पोरं पहाटे कनातीमागं डोकावायचो. रात्री राणी झालेली बाई पेटीवर बसून तळहातावर खोबरेल घ्यायची. कोरड्याच तोंडाला ते हलक्या हातानं चोळायची, डोळे मिटून पापण्यांवर फिरवायची. मग जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यानं पुसायची. शेवटी हरभऱ्याच्या डाळीचं चिमूटभर पीठ आणि कोमट पाणी. घासाघीस नाही, खर्चही नाही.

यामागचं कारण साधं आहे. तेलकट रंग पाण्याला दाद देत नाही. तेलात मात्र तो सैल होऊन सुटतो. उरलेलं तेल पीठ शोषून घेतं. रोमच्या गेलेन या वैद्याच्या नावावर दुसऱ्या शतकातलं एक मलम सांगतात. त्यात मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी होतं. आजच्या कोल्ड क्रीमचं मूळ तेच. आपल्या घरांतही हे शहाणपण होतंच. लग्न निकाहाचं असो की सप्तपदीचं, नवरीच्या अंगाला हळद लागते, तेल लागतं.

आता पोरांच्या स्नेहसंमेलनाचे दिवस आले, की शाळाशाळांतून तोंडं रंगतात. रात्री घरी आल्यावर दमलेलं पोर तसंच झोपतं, नाहीतर आई साबणानं खसाखसा घासते आणि गाल लाल होतात. दोन्ही टाळावं. चमचाभर तेल, मऊ सुती कापड आणि कोमट पाणी एवढं पुरतं. पीठ डोळ्यांत जाऊ देऊ नये, लिंबू तर लावूच नये. ज्यांना मुरमं येतात, त्यांच्या तोंडावर खोबरेल राहू देऊ नये. सौम्य साबणानं लगेच धुवावं. आग झाली, पुरळ आलं, तर डॉक्टरांना दाखवावं.

ज्यांच्या हाती पैसा नव्हता, त्या कलावंतांनी ही रीत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. त्यांची लावणी आपण लक्षात ठेवली. त्यांची ही तेलाची वाटीही लक्षात ठेवावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)