काठी कोणत्या हातात?

संधिवात झालेल्या माणसाचा पाय अडखळतो तो नेहमी दगडाला ठेचकाळून नव्हे. गुडघा दुखू लागला की माणूस तो कमी वापरतो. वापर घटला की मांडीचा पुढचा स्नायू रोडावतो, आणि एखाद्या पावलाला गुडघा मध्येच दगा देतो. सुजलेल्या सांध्याकडून मेंदूला पाय नेमका कुठे आहे याची खबरही नीट पोचत नाही. एकदा पडल्यावर भीती बसते, भीतीने चालणे आणखी कमी होते आणि स्नायू आणखी दुबळा होतो. या चक्रावर माणसाने शोधलेला सर्वांत जुना उपाय म्हणजे काठी. मात्र ती कशी धरायची याचे शास्त्र आश्चर्य वाटावे इतके अलीकडचे आहे.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत या दुखण्याची नोंद बारकाईने झाली आहे. वातरक्तामुळे गुडघा सुजून कोल्ह्याच्या डोक्यासारखा दिसतो, म्हणून सुश्रुताने त्या विकाराला ‘क्रोष्टुकशीर्ष’ म्हटले. आमवात या सांधेदुखीच्या दुसऱ्या प्रकाराचे स्वतंत्र वर्णन माधवनिदानात येते. काठीचा उल्लेख मात्र रोगाच्या नव्हे, रोजच्या आचरणाच्या प्रकरणात आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात पादत्राणे आणि छत्री यांच्याबरोबरीने दंड बाळगण्याचे गुण सांगितले आहेत. घसरणाऱ्याला सावरणे हा त्यांतला पहिला. शत्रूचे निवारण त्यानंतर येते. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात चालताना समोरच्या चार हातांवर नजर ठेवावी असे सांगितले, आणि रात्री निकडीच्या कामासाठी बाहेर पडावेच लागले तर हातात काठी व सोबतीला माणूस हवा असेही बजावले. अंधार, पायाखालची वाट आणि एकटेपण ही पडण्याची तीन कारणे त्याने अचूक हेरली होती.

घराच्या रचनेतही आधाराची सोय असे. पुण्या-मुंबईच्या जुन्या घरांत अरुंद, उभ्या लाकडी जिन्यावर वरून दोरखंड सोडलेला असे. वर्षानुवर्षांच्या तळहातांच्या घर्षणाने तो गुळगुळीत आणि काळपट झालेला असे, आणि गुडघे धरलेली म्हातारी माणसे त्याला धरून एकेक पायरी चढत. सारवलेल्या जमिनीवर पाय सहसा घसरत नसे. चकचकीत फरशी आणि ओले न्हाणीघर यांनी ही सोय हिरावून घेतली. उंच उंबरठ्याला अडखळणे मात्र जुन्या घराचीच देणगी होती.

दुसरीकडे काठीला मानाचा अर्थ चिकटत गेला. इजिप्तमध्ये 1922 साली सापडलेल्या तुतानखामुनच्या थडग्यात सुमारे 130 काठ्या होत्या. त्यांतल्या काही राजचिन्हे असतील. पण 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्याच्या डाव्या पायाच्या हाडांत विकार आढळल्याने काही खरोखर चालण्यासाठीच असाव्यात असे मानले गेले. अठराव्या शतकात युरोपात मलाक्काच्या वेताची काठी ही सभ्य गृहस्थाची खूण झाली. त्याच शतकात इंग्लंडमधल्या बाथ गावी, जिथे गरम झऱ्यांत बसून वातरोगी बरे होऊ पाहत, जेम्स हीथने 1750 च्या सुमारास चाकांची खुर्ची तयार केली. काठी दिमाखाची आणि खुर्ची दुखणेकऱ्याची, अशी वाटणी झाली. त्या दिमाखाच्या काठीची लांबी आणि मूठ दिसण्यासाठी ठरत असे, तोलासाठी नव्हे.

काठी तोल कसा सांभाळते याचा खरा उलगडा झाला 1935 मध्ये. जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिश पाउवेल्स यांनी मांडीच्या हाडाची मान मोडण्याचा प्रश्न यंत्रशास्त्राच्या अंगाने मांडला. चालताना दर पावलाला शरीर क्षणभर एकाच पायावर असते. त्या वेळी वजन खुब्याच्या आतल्या बाजूला पडते आणि कंबर कलू नये म्हणून बाहेरच्या बाजूचे स्नायू खेचून धरतात. त्यांची तरफ आखूड असल्याने त्यांना फार जोर लावावा लागतो. परिणामी खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो. साठ किलोच्या माणसाच्या दुखऱ्या सांध्यावर पावलागणिक 180 किलोच्या आसपास. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरली, की हात खुब्यापासून दूर असल्याने तरफ लांब होते आणि हाताच्या थोड्याशा दाबाने स्नायूंचे बरेच काम हलके होते. त्याच बाजूला धरली तर हा लाभ जवळजवळ मिळतच नाही, शिवाय माणूस दुखऱ्या पायावरच झुकतो. पुष्कळ लोक आजही काठी दुखऱ्या बाजूलाच धरतात, ही खेदाची गोष्ट आहे.

अमेरिकन अस्थितज्ज्ञ वॉल्टर ब्लाउंट यांनी 1956 मध्ये एक लेख लिहून काठी टाकून देऊ नका असे डॉक्टरांना आणि रुग्णांना कळकळीने सांगितले. त्यानंतर सहाच वर्षांनी, 1962 मध्ये, जॉन चार्नली यांनी राइटिंग्टन रुग्णालयात धातूचा गोळा आणि पॉलिएथिलीनची वाटी असलेला कृत्रिम खुबा बसवला आणि असंख्य लोकांच्या हातची काठी खरोखर सुटली. पण ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली नाही किंवा होऊ शकत नाही, त्यांच्यासाठी ब्लाउंटचा सल्ला शिळा झालेला नाही. सरळ उभे राहून हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे काठीची मूठ हवी. चढताना धड पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. टोकाचे रबरी बूच झिजून गुळगुळीत झाले की तीच काठी ओल्या फरशीवर माणसाला पाडते. बुचाच्या तळाच्या वलयाकार खाचा दिसेनाशा झाल्या म्हणजे ते बदलायची वेळ झाली.

पडणे हे वार्धक्याचे प्राक्तन नसून अभ्यासाचा विषय आहे, हे इंग्लंडमधल्या डॉ. जे. एच. शेल्डन यांनी 1960 मध्ये पाचशे पडण्यांची छाननी करून दाखवले. त्यापुढचे पाऊल न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने 1990 च्या दशकात टाकले. तिथल्या कार्यक्रमात फिजिओथेरपिस्ट किंवा परिचारिका वृद्धांच्या घरी जाऊन घोट्याला वजन बांधून पाय उचलणे, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटे टेकवत चालणे, खुर्चीवरून उठणे असे व्यायाम शिकवत. ते आठवड्यातून तीनदा करायचे आणि जोडीला चालायचे. ज्या घरांत हे नेमाने झाले, तिथे पडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले.